लांब नावांचा अवी

फोन आला तेव्हा मी करजणला, कारखान्याच्या स्टोअरमध्ये, बेअरिंगच्या नव्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. फोन प्रकाशचा, माझ्या नवऱ्याचा होता. "शैला, अवी गेला," एवढंच तो म्हणाला. हातातली चिठ्ठी मी नीट चिकटवली, कडा दाबल्या, उरलेल्या चिठ्ठ्या शेजारच्या सहकाऱ्याकडे दिल्या, काम कुठपर्यंत झालंय ते सांगितलं आणि बडोद्याची बस पकडली. हायवेवर पूर्ण रस्ताभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आता रोज चार वाजता आईंना कोण सांगणार, की पूर्ण घेतलं म्हणून?... दवाखान्याची बिलं, नातेवाइकांना कळवणं, गुरुजी, ही सगळी यादी नंतर सुचली. आधी सुचलं ते हे.

अविनाश, म्हणजे आमचा अवी, माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन सुभानपुऱ्यातल्या या घरात आले तेव्हा तो कॉलेजात होता. सासरे बाजव्याजवळच्या रिफायनरीत नोकरीला होते, सासूबाई मराठी शाळेत शिक्षिका. दोघंही सकाळीच बाहेर पडायची, आणि स्वयंपाकघरात कुठल्या डब्यात काय आहे ते कोणालाच ठाऊक नसायचं. मला हे असलं सहन होत नाही. पहिल्याच महिन्यात मी सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. रवा, बेसन, पोहे. साबुदाण्याच्या डब्यावर फक्त 'साबु' लिहिलं, कारण चिठ्ठी लहान होती आणि घरातल्या माणसांना तेवढ्यावर कळायला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर चिठ्ठीच्या पुढं, डब्याच्या पत्र्यावरच, मार्करनं 'दाणा' लिहून कोणीतरी नाव पुरं केलेलं! मी रागावून विचारलं तेव्हा हा खाली मान घालून पोहे खात म्हणाला, "वहिनी, चिठ्ठी लहान पडली तर चिठ्ठी मोठी घ्यावी. नाव कशाला तोडायचं?" मी त्याला म्हटलं, "तू साबुदाणा खातोस की नाव खातोस?" यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आमची मैत्री त्या ठसक्यापासूनची.

एरवी अवीसारखा सोपा माणूस मिळणार नाही. बडोद्यात राहून आम्ही सगळेच दिवसभर गुजराती 'चालशे, चालशे', म्हणजे चालेल, चालेल, करत असतो, पण अवीच्या तोंडात तो शब्द जणू वस्तीलाच होता. भाजीत मीठ कमी? चालशे. पंखा बंद पडलाय? चालशे. लग्नाचा विषय काढला तर म्हणायचा, "तुमच्या यादीत टाका वहिनी, नंबर आला की बघू." तो नंबर कधी आला नाही आणि त्याची त्याला खंत असल्याचं मला कधी दिसलं नाही. सासरे गेल्यावर तो गच्चीवरच्या खोलीत राहायला गेला. तिथं एक पलंग, एक टेबल, दोन संगणक आणि भिंतीला टेकवलेली सायकल. नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत, घरबसल्या. पण त्याचा खरा जीव होता तो कामाव्यतिरिक्तच्या एका कामात. ते मला समजायला काही वर्षं लागली.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या जगात लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. सगळ्यांना वारंवार लागणाऱ्या कामांचे तयार सुटे भाग एकत्र ठेवलेले असतात, त्याला ते लायब्ररी म्हणतात. माझ्या भाषेत, स्टोअर. अवी ज्या लायब्ररीवर काम करायचा तिचं काम फाइली उघडणं, जपणं, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणं. आणि तेही संगणक विंडोजचा असो, मॅक असो की लिनक्सचा, सगळीकडे सारखंच. देशोदेशीची हौशी माणसं ती मिळून सांभाळतात, पैसे न घेता. मी एकदा विचारलं, "मग तुम्हाला यात मिळतं काय?" तर म्हणाला, "तुम्ही गणपतीत गल्लीची वर्गणी गोळा करता, तुम्हाला काय मिळतं?" मी म्हटलं, "शिव्या." तो म्हणाला, "तेच."

आता आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, सांगते. आई निवृत्त झाल्या, मग गुडघे दुखायला लागले, शाळेतल्या मैत्रिणींचं येणं-जाणं कमी झालं, आणि दुपार त्यांना मोठी वाटायला लागली. तेव्हा अवीनं आपला जुना विंडोजचा संगणक त्यांना दिला, त्यावर मराठी टायपिंग बसवलं आणि शिकवलं: इथं दाबलं की नवी फाइल तयार होते, मग तो नाव विचारतो, नाव द्यायचं. आई रोज चार वाजता, चहा झाला की, कठड्याला धरून एकेक पायरी वर चढायच्या आणि एका बोटानं टाइप करत बसायच्या. आठ-दहा दिवसांनी अवीनं सहज एक फाइल उघडली. आत काही नाही. दुसरी उघडली, तीही कोरी. सगळ्याच कोऱ्या! आईंनी जे काही लिहायचं ते सगळं नावातच लिहिलं होतं. संगणकानं नाव विचारलं, आईंनी सांगितलं, आणि त्यांच्या दृष्टीनं गोष्ट संपली. त्या फाइलींची नावं अशी असायची: 'प्रकाशच्या वडिलांना रिफायनरीतून पहिली दिवाळीची मिठाई मिळाली तेव्हा त्यांनी डबा न उघडता घरापर्यंत सायकलवर आणला होता'. किंवा, 'गुडघे फार दुखले तर निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून थोडं तेल लावून फडक्यानं सैलसर बांधावा पण रात्रभर नाही खाज सुटते'. प्रकाशनं त्यांना समजवायचा प्रयत्न केला, "आई, नाव छोटं द्यायचं, मजकूर आत लिहायचा." आई म्हणाल्या, "आत कोण उघडून बघतंय? वरूनच दिसलं पाहिजे. शैला नाही का डब्यांवर लिहीत?" यावर प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं, मी अवीकडे पाहिलं, आणि अवी म्हणाला, "आईचं बरोबर आहे. चालशे."

त्यातून त्या दोघांचा एक नेम ठरून गेला. आई नाव लिहून झालं की एंटर दाबायच्या आणि विचारायच्या, "पूर्ण घेतलं का रे यानं?" अवी कितीही कामात असला तरी खुर्ची फिरवून यायचा आणि ते नाव अगदी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायचा. नुसतं "हो, घेतलं" असं त्यानं कधी म्हटलं नाही. वाचून झालं की मग म्हणायचा, "घेतलं, आई. पूर्ण घेतलं." मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले की हे ऐकू यायचं. ऐकून ऐकून मला आमच्या घराण्याचा अर्धा इतिहास पाठ झाला.

मग एका वर्षी तो जुना संगणक कुरकुरायला लागला. अवीनं आईंच्या सगळ्या फाइली आपल्या नव्या, लिनक्सच्या संगणकावर नेल्या. नेणाऱ्या प्रोग्रामनं काम झाल्याचं सांगितलं आणि कोणीच पुढं काही पाहिलं नाही. दिवाळी आली. अनारसे करायचे म्हणून मी वर जाऊन आईंची फाइल शोधली आणि पडद्यावरून उतरवून घेतलं: 'दिवाळीचे अनारसे करायचे तर जुने तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं निथळून पिठाइतकाच गूळ'. सगळं तसंच्या तसं केलं. मी सूचना पाळणारी बाई आहे. पहिला अनारसा तुपात सोडला आणि तो विरघळून जाळी-जाळी होऊन पसरला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. आई काठी टेकत आल्या, कढईत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हसले की गं सगळे! पिठाइतका गूळ घातलास? मी लिहून ठेवलंय ना, कमी घाल म्हणून!"

आम्ही तिघं वर गेलो. अवीनं जुना संगणक चालू केला. तिथं नाव पूर्ण होतं: '...पिठाइतकाच गूळ असं शरयूताई म्हणतात पण आपल्याकडे थोडा कमीच घालायचा नाहीतर तुपात हसतात'. नव्यावर ते गुळापाशी संपलं होतं. मी हसायला लागले, कारण तुपासकट सगळं वाया गेल्यावर दुसरं काय करणार? आईही हसल्या. अवी हसला नाही. त्यानं एकामागून एक फाइली पाहिल्या. सासऱ्यांची मिठाईची सायकल अर्ध्या रस्त्यात थांबली होती. निर्गुडीचा पाला बांधला होता पण रात्रभर ठेवू नका हे गळालं होतं. मी म्हटलं, "जुन्यावर आहे ना सगळं? मग चालशे." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो म्हणाला, "नाही चालणार, वहिनी. कापलं त्याचं एक वेळ ठीक आहे. पण कापलं, हे सांगितलंसुद्धा नाही."

कापणारी कात्री त्याच्याच लायब्ररीत होती. पूर्वी कोणीतरी सोय म्हणून ठेवलेली. मला ते त्यानं माझ्याच धंद्यातून समजावलं. समजा दोन गोदामं आहेत. एका गोदामात चिठ्ठीवरची अक्षरं मोजतात, दुसऱ्यात चिठ्ठीची लांबी फुटपट्टीनं मोजतात. इंग्रजी अक्षर एक बोट जागा घेतं. मराठी अक्षर तीन बोटं, आणि काना-मात्रा, अनुस्वार वेगळे, तेही तीन-तीन बोटं. त्यामुळे पहिल्या गोदामात आईची चिठ्ठी आरामात मावते, दुसऱ्यात मावत नाही. तिथला माणूस मग गुपचूप कात्री चालवतो आणि वर सही करून देतो की माल जसाच्या तसा मिळाला. मी म्हटलं, "आमच्या स्टोअरला असा माणूस एक दिवस टिकणार नाही." अवी म्हणाला, "तो माणूस काढून टाकायचंच काम आहे."

त्यानं पर्याय तयार केला. नाव मावत नसेल तर कापायचं नाही. माणसाला विचारून शेजारी एक लहान फाइल ठेवायची, तिच्यात पूर्ण नाव जपायचं, आणि उघडताना, दाखवताना, परत नेताना पूर्णच दाखवायचं. आणि तेही जमत नसेल, तर थांबायचं आणि माणसाला स्पष्ट सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तीन प्रकारच्या संगणकांवर, जुन्या-नव्या सगळ्या तऱ्हांवर ते चालायला हवं होतं. शिवाय ते लायब्ररीत घ्यायचं की नाही हे ठरवणारा एक गृहस्थ पोलंडमध्ये होता. घरात आम्ही त्याला पोलंडवाले म्हणायचो, आई 'तुझे पोलंडचे साहेब' म्हणायच्या. माणूस वाईट नव्हता, पण माझ्यासारखा होता. त्याचं म्हणणं, इतकी लांब नावं कोण देतं? वापरणाऱ्याला सांगा, नाव लहान ठेवा. मला ते पटलंही. अवीनं त्याला उत्तर लिहिलं ते मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. दोनच वाक्यं होती: माझी आई देते. तिला मी हे सांगणार नाही.

हे असं सावकाश, महिनोन् महिने चाललं होतं. अवीला घाई नव्हती. मग पुढच्या वर्षीचं नवरात्र संपलं, त्याची पोटदुखी थांबेना, तपासण्या झाल्या आणि निदान झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी प्रकाशला आणि मला आत बोलावून जे सांगितलं ते अवीनं आमच्या चेहऱ्यांवरून वाचलं असणार, कारण बाहेर आल्यावर त्यानं काही विचारलं नाही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर तक्ता लावला. औषधांच्या वेळा, कोणत्या दिवशी कोण बरोबर जाणार, पातळ आहार काय काय. मला तेवढंच येतं.

एका दुपारी मी त्याच्यासाठी ताक घेऊन वर गेले. तो टेबलाशी होता, पोटाशी उशी धरून, आणि पोलंडवाल्यांच्या कुठल्याशा नव्या शंकेला उत्तर लिहीत होता. मला राग आला. मी म्हटलं, "अरे, तुझं तुला जमलंय ना? आईच्या संगणकावर बसवून टाक आणि आडवा पड. घरापुरतं कर. त्या माणसाला कशाला समजावत बसलायस?"

त्यानं ताकाचा पेला दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "घरापुरतं केलं तर ते ठिगळ होईल, वहिनी. पुढच्या वर्षी लायब्ररी बदलेल, नवा संगणक येईल, ठिगळ सुटेल. ते परत शिवायला..." आणि तिथं थांबला. मग ताक प्यायला, पेला खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात पुढचं बोलला. "आई वर येणार. चार वाजता. ती लिहिणार. मी नसलो तरी तिचं नाव पूर्ण घेतलं पाहिजे. लायब्ररीत गेलं की मग तिकडची माणसं ते सांभाळतील. त्यांना आई माहीत नसली तरी सांभाळतील."

मी पेला उचलला आणि खाली आले. जिन्यात जरा बसले. त्यानंतर मी त्याला आडवा पड म्हटलं नाही. उलट तक्त्यात सकाळचा एक तास त्याच्या कामासाठी लिहिला, आणि त्या तासात कोणी भेटायला आलं तर दारातूनच परत पाठवलं.

पोलंडवाल्यांनी शेवटी एक अट घातली: चाचणी लिहून द्या. म्हणजे लायब्ररीत कोणीही, कधीही, काहीही बदल केला की आपोआप एक परीक्षा व्हावी, एक लांब नाव घेऊन फाइल बनवावी, इकडून तिकडे न्यावी, परत आणावी आणि नाव पूर्ण आलं का ते पाहावं. परीक्षेसाठी नाव हवं होतं. अवीनं अनारसे दिले. आईंना सांगितलं तर त्या एकदम सरळ बसल्या. "शरयूताईंना विचारलंस का?" त्यांनी विचारलं. "त्यांची कृती आहे. असं न विचारता परदेशात पाठवतात का?"

मग रीतसर शरयूताईंना फोन लावला. शरयूताई म्हणजे आईंच्या शाळेतल्या सहकारी, कारेलीबागेत राहतात, ऐकायला कमी येतं पण बोलायला कमी नाही. अवीनं फोन स्पीकरवर ठेवून त्यांना सगळं ओरडून समजावलं. पलीकडून दोनदा "काय म्हणालास?" आलं. मग म्हणाल्या, "वाच बघू काय लिहिलंय माझ्याबद्दल." अवीनं पूर्ण नाव वाचलं. "म्हणजे," शरयूताई म्हणाल्या, "माझं प्रमाण चुकीचं, असं जगभर जाहीर करणार तुम्ही? गुळापर्यंतच होतं तेच बरं होतं की रे! तुझा संगणक शहाणा होता!" आई फोनकडे वाकून म्हणाल्या, "शरयू, तुझे अनारसे हसायचेच गं. आता वय झालं, कबूल कर." त्या दिवशी अवी इतका हसला की पोट धरून पलंगावर झोपावं लागलं. दुखत होतं आणि तरी हसत होता. मला तो तसाच आठवायला आवडतो...

होळीला थोडे दिवस होते. अवीला दवाखान्यात हलवलं होतं आणि तो फार बोलत नव्हता. दुपारची वेळ, बाहेर ऊन, मी खुर्चीत बसून डबा उघडत होते. त्यानं उशाजवळचा मोबाइल माझ्याकडे सरकवला. "वाचा." पोलंडवाल्यांचं होतं. स्वीकारलं आहे, पुढच्या आवृत्तीपासून सगळ्यांना मिळेल, असं लिहिलं होतं, आणि खाली एक प्रश्न होता: परीक्षेतल्या या लांब नावाचा अर्थ काय? इतके दिवस ते रोज पाहतो आहे, वाचता येत नाही.

"तुम्हीच लिहा उत्तर," अवी म्हणाला. मी माझ्या पद्धतीनं लिहिलं: तांदळाचा एक गोड पदार्थ, गूळ जास्त झाला तर तळताना फुटतो. त्याला वाचून दाखवलं.

"फुटतो नाही. हसतो लिहा."

"अरे, त्यांना कळणार नाही."

"न कळू दे. तिनं हसतात लिहिलंय ना?"

मी 'हसतो' लिहिलं आणि पाठवलं. त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं, डोळे मिटलेलेच, म्हणाला, "नवी आवृत्ती आली की बसवायची. कशी, ते तुम्हाला दाखवलंय." मी म्हटलं, "यादीत टाकलंय." तेव्हा त्याच्या ओठांच्या कडेला जे आलं ते हसूच असावं. त्यानंतर चारच दिवसांनी मी करजणला गेले, कारण स्टोअरची मोजणी होती आणि त्यानंच "जा, मी कुठं जातोय" म्हणून पाठवलं होतं.

पुढचे दिवस सगळ्या घरांत जातात तसे गेले. शेजारच्या हंसाबेन रोज दुपारी येऊन आईंजवळ बसायच्या. एकदा डोळे पुसत म्हणाल्या, "अविनाशभाईए कोई दिवस अधूरी वात नथी करी." कधी अर्धवट बोलले नाहीत, असं. आईंनी मान हलवली. माझी यादी मी एकेक करून संपवत गेले. बँक, विमा, मोबाइल, कंपनीचा लॅपटॉप परत करणं. एकच ओळ राहिली होती, 'अवीचा संगणक'. तिच्यावर खूण करायची म्हणजे वर जायला हवं, आणि वर कोणी जात नव्हतं. सगळ्यात जास्त म्हणजे आई जात नव्हत्या. चार वाजले, चहा झाला की त्या जिन्याकडे पाठ करून बसायच्या. प्रकाश एकदा म्हणाला, "चल आई, मी नेतो वर." त्या म्हणाल्या, "कशाला? वाचणारं कोण आहे?" मला त्याचीच भीती होती. अवीनं शेवटचे सगळे दिवस ज्या गोष्टीसाठी घातले, ती गोष्ट वर झाकणाखाली तशीच पडून राहील, आणि आईंना सांगण्यासारखं जे होतं ते त्यांच्याजवळच राहून जाईल.

मागच्या रविवारी सकाळी मी वर गेले. आधी झाडून घेतलं. सायकलीवरची धूळ पुसली. मग अवीनं माझ्याच हातानं करवून घेतलं होतं तसं एकेक करत गेले. नवी आवृत्ती आली होती, ती बसवली. कुरकुरणारा जुना संगणक दोनदा प्रयत्न करून चालू झाला. आईंच्या सगळ्या फाइली तिथून पुन्हा उचलल्या आणि नव्यावर न्यायला सुरुवात केली. पहिल्याच लांब नावापाशी तो थांबला आणि मला स्पष्ट विचारलं की हे नाव इथं मावत नाही, अशी नावं पूर्ण शेजारी जपून ठेवू का? विचारलं! मी हो म्हटलं. झाल्यावर, प्रोग्रामनं झालं म्हटलं तरी, खुर्ची ओढून एकेक नाव शेवटपर्यंत वाचलं. सासरे मिठाईचा डबा न उघडता घरी पोचले होते. पाला रात्रभर नव्हता. आणि अनारसे हसत होते.

खाली आले आणि आईंना म्हटलं, "दुपारी वर या. वाचायला मी आहे." चार वाजता मी गच्चीवर कपडे काढत होते, तेव्हा जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी. मी धरायला गेले नाही. त्यांना ते आवडत नाही. त्या खोलीत गेल्या, खुर्चीत बसल्या, आणि अवीनं त्यांच्यासाठी करून दिलेला पडद्यावरचा चौकोन उघडला, ज्यात नावाशिवाय दुसरं काही भरायचंच नसतं. कपड्यांच्या घड्या होईपर्यंत मला एका बोटाचा टकटक आवाज येत होता. मधे बराच वेळ थांबायचा, मग परत सुरू व्हायचा. मग एंटर.

"शैला," आतून हाक आली. "पूर्ण घेतलं का गं यानं?"

मी घड्या पलंगावर ठेवल्या, जवळ गेले आणि पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायला लागले. "अवीचा चहा आलं ठेचून साखर अर्धाच चमचा कप काठोकाठ भरायचा नाही कारण तो वर नेताना जिन्यात सांडतो आणि मग स्वतःच फडकं घेऊन पुसत बसतो तोवर चहा गार होतो म्हणून शैलानं..." इथं मला जरा थांबावं लागलं. आई पडद्याकडेच पाहत होत्या, वाट बघत. "...शैलानं परत गरम करून द्यायचा."

"घेतलं, आई," मी म्हटलं. "पूर्ण घेतलं."